मुलाखतीतली आई

५ जानेवारी, रविवार

सकाळपासून बसून अकरा ओळी लिहिल्या आणि दहा खोडल्या. उरलेली ओळ 'ती उठली' अशी आहे. दोन वर्षं झाली, ही बाई नुसती उठतेय, पुढं काही करायचं नाव घेत नाही. पहिल्या कादंबरीला लहानपणी कानावर पडलेलं पुरलं. ते सगळं तिथंच वापरून झालं, आता डबा खडखडीत रिकामा आहे. हे कॉलेजात कुणाला सांगता येत नाही. तिथं मी 'आपले लेखक सर' आहे.

दुपारी पुण्याहून प्रियदर्शनी नावाच्या मुलीचा फोन आला. लेखकांच्या मुलाखती घेऊन यूट्यूबवर टाकते. म्हणाली, "सर, 'कोपीतलं ऊन' वाचून मी रडले. मला तुमच्या एकट्याची नकोय, तुमची आणि आईंची एकत्र मुलाखत हवीय. ज्या हातांनी कोयता चालवून लेखक घडवला, ते हात दाखवायचेत." मी हो म्हणालो. अगदी लगेच म्हणालो.

ही वही कुणी वाचत नाही, निदान इथं तरी खरं लिहितो. माझ्या आईनं जन्मात कोयता धरलेला नाही. माझे वडील त्रिंबक मुकादम होते. दर दिवाळीनंतर चाळीस जोडप्यांची टोळी घेऊन ते कोल्हापूरकडे ऊसतोडीला जायचे. टोळीतली माणसं उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, राहायची, आम्ही तंबूत. तंबूत माझ्यासाठी लोखंडी खाट होती. पुस्तक निघताना प्रकाशकांनी परिचय मागितला, तेव्हा मी लिहिलं, 'बालपण ऊसतोडीच्या फडावर गेलं.' त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी छापलं, 'ऊसतोड कामगार आईवडिलांच्या पोटी जन्म.' छापायच्या आधी प्रूफ माझ्याकडं आलं होतं. मी त्यातले तीन अनुस्वार दुरुस्त केले आणि ते वाक्य तसंच राहू दिलं.

७ जानेवारी, मंगळवार

आईला विचारलं. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बायको-मुलं शाळेपायी बीडला, त्यामुळं इथं आष्टीत आम्ही दोघंच. आडपडद्याची गरज नव्हती, तरी मी आडूनच सुरुवात केली.

"पुण्याची माणसं येणारेत. तुझ्याशी बोलायचंय त्यांना."

"माझ्याशी? कावून?"

"फडावरचं सांग. ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या, असं."

"मी कवा मोळी उचलली रे?"

"समज, उचलली."

तिनं शेंग खाली ठेवली. "धर्मा, तुझ्या बापाच्या कमाईची भाकर खाल्ली मी. ती कशी यायची ते मला ठावं हाय. आता त्या बायांचं कष्ट बी माझ्याच नावावर करू का? मला न्हाई जमायचं."

मला राग आला. म्हणालो, लोकांच्या आया पोरांसाठी काय काय करतात. त्यावर ती म्हणाली, "मी काय केलं न्हाई, ते तुला ठावं न्हाई." आणि सूप उचलून आत गेली. उपकार ऐकवायची तिची जुनी सवय आहे. सगळं तिनंच केलं, आम्ही आपले आयते वाढलो.

शिवाय खरं सांगायचं तर ती दिसणारही नाही तशी. गोरीगोमटी, हातात पाटल्या, बोटं मऊ. कॅमेऱ्याला ते हात कसे चालणार?

हे वाक्य लिहून परत वाचलं. मी आईकडं असं कधीपासून बघायला लागलो?

९ जानेवारी, गुरुवार

कॉलेज सुटल्यावर गाडी काढली आणि गावाकडं गेलो. गाव ओस पडलंय. धडधाकट माणसं सगळी कारखान्यांवर, मागं म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. वस्तीवर छबुबाई एकट्या राहतात. वडिलांच्या टोळीत त्यांनी वीस वर्षं ऊस तोडला. नवरा वारलाय, दोन पोरी नांदायला गेल्या. मला बघून त्यांनी बाजेवरची गोधडी झटकली आणि स्वतः खाली बसल्या.

काय बोलायचं ते मी वाटेत घोकलं होतं, पण तोंडातून निघता निघेना. शेवटी भडाभडा सांगून टाकलं. दोन तासांचं काम आहे, नाव आईचं, वत्सलाबाई, सांगायचं, धर्मा माझा मुलगा म्हणायचं, फडावर कष्ट केले म्हणायचं. ते तर तुम्ही केलेच आहेत.

छबुबाईंनी विचारलं, "तुमी तवा केवढं व्हता दादा? पाटलाच्या मळ्यात फड हुता त्या साली?"

"असेन वर्षा-दीड वर्षाचा."

"हां. दीडच." मग म्हणाल्या, "मुकादमाच्या घरचं काम हाय. न्हाई कसं म्हनू?"

केवढी माया! वडील जाऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचा शब्द चालतो. नवीन लुगडं आणतो म्हणालो, तर नको म्हणाल्या. फक्त एवढंच म्हणाल्या, "तुमाला 'तू' कसं म्हनू? जीभ उचलत न्हाई."

१० जानेवारी

लिहिणं नाही. 'ती' उठून बसलीय तशीच.

१२ जानेवारी, रविवार

झालं एकदाचं. सगळं नीट लिहून ठेवायला पाहिजे.

प्रियदर्शनी आणि तिचा कॅमेरावाला दहाला वस्तीवर पोचले. मुलगी गुणी आहे. वाकून छबुबाईंच्या पाया पडली. मी छबुबाईंना तीनच गोष्टी पढवल्या होत्या: कोयता, थंडी, आणि मुलाला शिकवायची जिद्द. त्यापलीकडं विचारलं तर 'आठवत नाही' म्हणायचं.

पहिलाच प्रश्न आला, "आजी, सरांचा जन्म कुठला?"

"फडातलाच की. सकाळी मोळ्या बांधल्या अन् दुपारी ह्यो. शनवार हुता, म्हनून आमी हनुमान म्हनायचो. धर्मराज हे शाळंतलं नाव."

मी चपापलो. हे ठरलं नव्हतं. पण हनुमान! काय सुचलं बाईला! इतकी वर्षं पात्रांना नावं देतोय, असं नाव मला सुचलं नसतं.

मग त्या थांबेनात. मधूनमधून माझ्याकडं बघत होत्या, 'तू' म्हणत होत्या, जीभ कुठं अडली नाही. "दीड वरसाचा हुता. उलट्या-जुलाब लागलं. सांजंपासून सकाळपत्तर डोळं पांढरं. दवाखाना तालुक्याला. वाहन म्हनजी उसाचा ट्रक, तो निम्मा भरलेला. आता मुकादमानं काय केलं आसंल?" असं त्यांनी प्रियदर्शनीलाच विचारलं. ती मान हलवत बसली. "मोळ्या खाली टाकाय लावल्या! म्हनले, ऊस राहू द्या, आधी पोरगं न्या. रिकामा ट्रक, बाई. एवढा मोठा ट्रक अन् त्यात आमी तिघंच. मला वाटलं, आमी कोन बडी मान्सं हावोत. सुई टोचली तवा ह्यानं डोळं उघडलं अन् पानी मागितलं."

पुढं शाळेचं सांगितलं. पाटी फोडली म्हणून मार खाल्ला, पहिला नंबर आला तेव्हा गूळ वाटला, नोकरी लागली तेव्हा ह्यानं मला चप्पल आणली. सगळं जागच्या जागी, कुठं शिवण दिसत नाही. सांगता सांगता त्यांनी हात लांब करून चष्म्याच्या काडीमागचा माझा कान धरला. "कान बगा. लहानपनी लई मोठं हुतं. आता तोंडाला शोभत्यात."

प्रियदर्शनी रडली. मी पण रडलो. माझं रडणं खोटं नव्हतं, हे लिहून ठेवतो, कारण बाकी माझं काहीच खरं नव्हतं.

निघताना छबुबाईंना म्हणालो, "वडिलांचं फार चांगलं सांगितलंत." त्या म्हणाल्या, "सांगाया काय लागतंय दादा?" आणि शेळीला पाला टाकायला गेल्या.

१३ जानेवारी, सोमवार

आज एका बैठकीत चार पानं झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा. 'ती' उठली आणि थेट ट्रकपाशी गेली. रिकामा ट्रक, आत तिघं, आजूबाजूला फेकलेल्या मोळ्या. वाक्यं आपोआप येत होती.

मग लाज वाटली. म्हातारीनं बोलता बोलता रचलेली गोष्ट मी घरी येऊन वहीत उतरवली. मी जिला फसवणुकीत ओढलं, तिचंच उचललं. पण लाज वाटूनही पान फाडलं नाही, उलट दोन वाक्यं आणखी घासली. लेखकाची जात मोठी निलाजरी.

आणि थोडा हेवाही वाटला. मला एक प्रसंग जुळवायला आठ दिवस लागतात. या बाईनं पाटीसुद्धा हातात धरली नसेल आणि अख्खा मुलगा उभा केला.

२० जानेवारी, सोमवार

मुलाखत परवा लागली. आत्तापर्यंत साठ हजार लोकांनी बघितली. प्राचार्य सुंदरराव सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांपुढं पाठ थोपटली. "धर्मराज, अशी आई लाभायला भाग्य लागतं." सुंदरराव सर लातूरचे, माझ्या घरी कधी आलेले नाहीत. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

प्रकाशकांचा फोन, दुसरी आवृत्ती काढतोय. पुण्यातल्या पुरस्कारासाठीही नाव पुढं आहे म्हणे. गावातून मात्र एकही फोन नाही. आधी वाटलं, बघितलंच नसेल कुणी. मग कळलं, सगळ्यांनी बघितलंय. कुणी काही बोलत नाही एवढंच.

२२ जानेवारी, बुधवार

आईनं बघितलं. शेजारच्या सुनेनं मोठ्या कौतुकानं फोन पुढं धरला, "बघा, तुमचे सर!" आणि मग तिलाच काही कळेना की ही बाई कोण.

मी घरी आलो तर चूल थंड. आई उंबऱ्यात बसलेली. मी तयारी करूनच ठेवली होती. कलेत असं चालतं, मूळ भावना खरी आहे, वगैरे. तिनं त्यातलं काही विचारलंच नाही.

"छबुबाईनं पोराचं नाव काय सांगितलं?"

"हनुमान. बनवलं त्यांनी."

"बनवलं न्हाई." आई म्हणाली. "तिचं पोरगं. तुझ्याच वयाचं. तुमी दोघं एका लुगड्यावर खेळायचे."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"दीड वरसाचं हुतं. उलट्या-जुलाब. ट्रक निम्मा भरला हुता, ते बी खरं. तुझा बाप म्हनला, भरल्याबिगर ट्रक हलनार न्हाई. लवकर भरा अन् लवकर जावा. मंग छबुबाईनं पोरगं कोपीत ठिवलं अन् डोक्यावर मोळ्या वाहिल्या. फळीवरून वर, फळीवरून खाली. पळत हुती बाई. ट्रक भरस्तोवर दुपार झाली. कोपीत गेली तवा पोरगं गेलतं."

मी काहीतरी पुटपुटलो, वडील असं कसं करतील, असलं काहीतरी. आईनं मला बोलू दिलं नाही.

"त्याआधी ती तंबूत आलती. माझ्याकडं. म्हनली, बाई, तुमी सांगा मुकादमाला, तुमचं ऐकतील. मी तुला पाजत हुते. मी उठले न्हाई, धर्मा. म्हनलं, बाप्यांच्या कामात मी कशी पडू? त्या दिसापासून मी तिच्या दारात गेले न्हाई. अन् तू गेलास. कशासाठी गेलास, तर तिला माझं नाव घ्यायला लावाया."

पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "इथं मी जिती हाय, अन् जगाला तू दुसरीच आई दाखवलीस. त्याचं मला वाईट वाटलं, लई वाटलं. पन तोंड उघडाया जागाच न्हाई मला. काढ ते. लोकांला खरं सांग. तिची माफी माग अन् माझी बी माग."

जेवण झालं नाही कुणाचं.

२३ जानेवारी, गुरुवार

'मुकादमाच्या घरचं काम हाय, न्हाई कसं म्हनू?' मी याला माया म्हटलं होतं. याच वहीत, माझ्याच अक्षरात. शरमेनं मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच घरातून माणूस आला आणि म्हणाला, काम आहे. आणि त्या पुन्हा उठल्या.

प्रियदर्शनीला पत्र लिहिलं. माझे वडील मुकादम होते, मुलाखतीतल्या बाई माझी आई नाहीत, मुलाखत काढून टाका, प्रकाशकांनाही कळवतोय. सरळ चौदा ओळी. एकही खोडली नाही. पाठवायच्या आधी छबुबाईंना भेटायचं ठरवलं. तेवढी तरी रीत पाळायची.

ती चार पानं अजून टेबलावर आहेत. चांगली झालीत. हे लिहितानाही वाटतंय की चांगली झालीत. थू!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटपून वस्तीवर गेलो. शेजारची वैष्णवी, आठवीतली मुलगी, छबुबाईंजवळ बसली होती आणि दोघी तिच्या आजोबांच्या फोनमध्ये बघत होत्या. फोनमधून छबुबाईंचाच आवाज येत होता. मला बघून त्यांनी वैष्णवीला घरी पाठवलं, पण फोन ठेवून घेतला.

मी खाली मातीत बसलो. "मावशी, मला आईनं सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं."

"ठावं नसंलच. बारका हुतास."

तू म्हणाल्या. कॅमेरा नव्हता, तरी.

मी खिशातून पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. वाचताना स्वतःच्याच प्रामाणिकपणाचं कौतुक वाटत होतं. छबुबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी हे फोनमधलं जानार?"

"हो. आजच्या आज."

"काढू नगंस."

मला वाटलं, त्यांना माझ्या नोकरीची, नावाची काळजी वाटतेय. म्हणालो, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

"तुझं न्हाई म्हनत मी." त्या जरा चिडल्याच. "त्यात माझं पोरगं जितं हाय. शाळंत गेलंय, पैला नंबर आलाय. चष्मा लागलाय त्येला. मी रोज बघती. ट्रक रिकामा झाला की मला बरं वाटतं. तू लोकांला खरं सांगितलंस की ते पुन्यांदा मरंल. एकदा लई झालं."

मी पत्राची घडी घातली.

"सगळ्या गावाला बजावून ठिवलंय, कुनी तोंड उघडायचं न्हाई म्हनून. अन् तूच उघडाया निघालास व्हय?" मग सावकाश म्हणाल्या, "तुझ्या बापाला मी माफ-बिफ काय केलं न्हाई, ध्यानात ठिव. ट्रक रिकामा केला तो पोरासाठी, त्येच्यासाठी न्हाई."

"हो," म्हणालो.

"एक करता आलं तर कर. त्यात तू मला एका ठिकानी 'मावशी' म्हनलास. पानी देताना. तेवढं काढाय येतं का?"

येतं, म्हणालो. प्रियदर्शनीला तिथूनच फोन लावला. म्हणाली, "किती बारकाईनं बघता सर, उद्या काढते."

परत येताना गाडीवर काय वाटलं ते लिहायलाच पाहिजे, नाहीतर ही वही ठेवण्यात काय अर्थ? हायसं वाटलं. पत्र पाठवायचं नाही, पुरस्कार जात नाही, नाव जात नाही, आणि वर त्या बाईच्या सुखासाठी गप्प बसतोय असं मनाशी म्हणायची सोय. इतके दिवस जी लाज वाटली ती काहीच नव्हती. या हायसं वाटण्याची खरी लाज वाटते, आणि ती घेऊन कुणाच्या दारात जावं तेही कळत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आईला सगळं सांगितलं, छबुबाईंच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता. तसं सांगणं मला जमलं, हे नवलच. आई गव्हातले खडे निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि निवडत राहिली. माफी मागितली तेव्हा नुसतं "बरं" म्हणाली.

२९ जानेवारी, बुधवार

कॉलेजातून आलो तर घराला कुलूप. आई कधी एकटी कुठं जात नाही. शेजारची सून म्हणाली, सकाळच्या एसटीनं गावाकडं गेल्या. हातात पाटल्या नव्हत्या, तेवढं तिनं बघितलं होतं.

साडेपाचच्या गाडीनं आई आली. पायावर वस्तीची धूळ होती. मी पाणी दिलं, ते उभ्यानंच प्यायली. मी विचारायचं धाडस करत नव्हतो, तिनंच सांगितलं.

"बसा म्हनली. बाजेवर बसा म्हनली, मी खालीच बसले. मंग तिनं फोन मागवून घेतला अन् मला दाखवलं. दोनदा बगितलं आमी."

"काय म्हणाल्या त्या?"

"ती काय म्हननार? मीच बोलले." आईनं तांब्या खाली ठेवला. "म्हनलं, बाई, पोरगं चांगलं निघालं तुमचं."

मग पदरानं तोंड पुसत ती आत गेली. मी "आई" म्हणून हाक मारली. तिनं ओ दिली नाही.